पडद्यावरचा गुन्हेगार आणि आपली करुणा

वऱ्हाडात चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक खूश झाला, म्हणजे त्याच्या तोंडून हमखास एक उद्गार निघतो : 'काय काम केलं राजा!' यात नटाची स्तुती असतेच; पण त्यातील 'काम' हा शब्द आम्हाला फार दिवसांपासून विचार करायला लावीत आला आहे. खुनी माणूस करतो ते 'कृत्य', आणि त्याच खुन्याला पडद्यावर जिवंत करणारा नट करतो ते 'काम'. आपल्या भाषेने ही सीमारेषा किती सहजपणे आखून ठेवली आहे! तिने दिलेला दुसरा शब्द याहूनही अर्थपूर्ण आहे, तो म्हणजे 'भूमिका'. या शब्दात भूमी आहे, उभे राहण्याची जागा आहे. खुन्याची भूमिका करणारा नट काही काळ खुन्याच्या जागी उभा राहतो. आणि त्याचे काम उत्तम वठले, तर खुर्चीत बसलेल्या आपल्यालाही तो हाताला धरून त्याच जागी नेऊन उभे करतो. तेथे असे उभे राहणे उचित आहे काय?

प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. अकोल्याच्या एका माऊलीने तो आम्हाला मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, आपल्या रोखठोक वऱ्हाडीत विचारला होता. "फादर, पोट्टं रातभर मोबाईलवर खूनखराबा पाह्यते. म्हटलं काऊन रे बाप्पा, तं म्हन्ते, अ‍ॅक्टिंग पाह्यतो. खून करनाऱ्याले वाहवा म्हनाचं, हे कोन्या शास्त्रात बसते?" मोबाईल काढून घ्या, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. 'अहो, ते सारे खोटेच असते' असे म्हणून तिची समजूत घालणेही तितकेच सोपे होते. पण खोटे कसे म्हणावे? तिचा मुलगा ज्याने भारला गेला होता, ते तर त्या कामातले खरेपणच होते.

खलपुरुषाचे काम समर्थपणे करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या नावाची लोककथा सर्वांना ठाऊक आहे : भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत फेकले, म्हणून ही कीचकदरा. याच कीचकावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटक लिहिले. १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आले, प्रेक्षकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसू लागला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. आमची अशी समजूत आहे, की तो कीचक नुसता गडगडाटी हसणारा राक्षस असता, तर सरकारला त्याचे भय वाटले नसते. उन्मत्त सत्ता कशी बोलते, कशी चालते, हे ओळखू येण्याजोगे दिसले, म्हणून प्रेक्षक अस्वस्थ झाले आणि सरकारही.

पुढे निळू फुले आले. त्यांचा पाटील किंवा साखरसम्राट पडद्यावर दिसला, की खेडोपाडीच्या बायाबापड्या बोटे मोडत. प्रत्यक्षातला हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला, साधा, परोपकारी. डॉ. श्रीराम लागू आणि सदाशिव अमरापूरकर यांच्यासह सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करून त्यांनी कार्यकर्त्यांकरिता पैसा उभा केला. या तिघांपैकी दोघे मराठी माणसाचे नावाजलेले 'दुष्ट', हा योगायोग आम्हाला नेहमी गमतीचा वाटतो. दुष्टाचे काम करणाऱ्याला दुष्टपणा चिकटतोच, ही भीती तरी त्यामुळे निकालात निघावी.

परंतु आमचा प्रश्न नटाविषयी कमी आणि प्रेक्षकाविषयी अधिक आहे. म्हणून १९८३ सालच्या 'अर्धसत्य'कडे वळू. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, गोविंद निहलानींनी दिग्दर्शन केले. अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवीत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही. पण त्या चित्रपटात आम्हाला खरी धडकी भरते ती ओम पुरींच्या अनंत वेलणकराची. हा फौजदार प्रामाणिक आहे. अन्यायाची त्याला चीड आहे. आणि तोच, वरिष्ठांनी व राजकारण्यांनी नागवलेला, कोठडीतल्या एका किरकोळ चोराला मरेपर्यंत मारतो. त्या क्षणी ओम पुरींच्या चेहऱ्यावर क्रौर्याचा आनंद नाही. तेथे आहे ती अपमान गिळून गिळून कोंडलेल्या माणसाची वाफ. ती वाफ आपल्या ओळखीची असते. कचेरीत साहेबाचे बोलणे ऐकून घरी येणारा आणि जेवणात मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावणारा बाप कोणत्या धर्मग्रामात नाही? या कामाबद्दल ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळाला नसता, तरी त्या कामाने अनेक सज्जनांना आपल्या हाताकडे पाहायला लावले, हे खरेच राहिले असते.

पापनिवेदन ऐकण्याच्या सेवेत आमची बरीच वर्षे गेली. तेथे जे बोलले जाते ते तेथेच राहते. परंतु व्याकरणाची एक गोष्ट सांगायला हरकत नाही. तेथे येणारा माणूस प्रथमपुरुषी बोलतो. 'मी केले.' बाहेर, चावडीवर नि वर्तमानपत्रात, पाप सदैव तृतीयपुरुषी असते : त्याने केले, त्यांनी केले, ती माणसेच तशी. सुमार नट गुन्हेगाराला तृतीयपुरुषात सादर करतो. तो मिशीला पीळ देतो, डोळे गरगरा फिरवतो, आणि प्रेक्षकाला आश्वासन देतो की दुष्ट ही एक वेगळीच जात आहे, तुम्ही निश्चिंत असा. थोर नट त्याच गुन्हेगाराला 'मी' म्हणायला लावतो. अलीकडच्या 'दहाड' (२०२३) या मालिकेत विजय वर्मांनी रंगवलेला मारेकरी हा महाविद्यालयात हिंदी शिकविणारा, मवाळ बोलणारा, मुलाचे लाड करणारा गृहस्थ आहे. तो पाहताना अंगावर काटा येतो तो शेजारच्या घराची आठवण होऊन. म्हणूनच आम्हाला वाटते, की नैतिक दृष्ट्या अधिक घातक असेल तर तो वाईट अभिनय. तो आपल्याला आपल्या निर्दोषपणाची खोटी हमी देऊन घरी पाठवतो.

दरवर्षी उपवासकालात प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक बसविताना हा अनुभव आम्ही घेत असतो. पिलाताच्या शिपायांना तोटा नसतो. चाबूक मिळणार म्हणून पोरे रांग लावतात. यहूदाच्या कामाला मात्र कुणी पुढे येत नाही, आणि आलाच तर त्याची आई आडवी येते. वास्तविक त्या नाटकात सर्वांत अवघड काम तेच. यहूदा तीन वर्षे गुरूच्या पंक्तीला जेवला होता. त्याचे प्रेम दाखवता आले नाही, तर त्याचा विश्वासघातही दाखवता येत नाही.

पवित्र सभेने या विषयाकडे पूर्वी कडक नजरेने पाहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी नटाचा व्यवसाय स्वतःहून पापमय नाही, मर्यादा पाळली की पुरे, असा निर्वाळा दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांविषयी जो हुकूमनामा काढला, त्यात तर वाईटाच्या चित्रणातून माणसाची अधिक खोल ओळख होऊ शकते, असे मान्य केले आहे. अर्थात ते चित्रण नीतीला धरून असावे, ही अट घालून. आणि पोप दुसरे जॉन पॉल हे तरुणपणी, नाझींच्या ताब्यातील क्राकोव शहरात, लपूनछपून नाटके करणाऱ्या मंडळीतले एक नट होते, हे आपल्या युवकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

मग त्या माऊलीच्या शंकेत काही तथ्य नव्हते काय? होते, आणि ते तिला स्वतःला वाटत होते त्याहून मोठे होते. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसांचे खून झाले. चार तरुणांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. या घटनांवर आधारलेला 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट १९८६ साली आला. त्यात नाना पाटेकरांनी केलेला राघवेंद्र ज्यांनी पाहिला, त्यांच्या तो डोळ्यांपुढून हलत नाही. थंडपणा इतका जिवंत करता येतो, हे तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले. आता एक गंमत पाहा. गंमत हा शब्द येथे बरा नव्हे. महाराष्ट्रातील लोकांनी त्या प्रकरणाला नाव दिले 'जोशी-अभ्यंकर खून खटला'. म्हणजे लोकांनी मृतांची नावे राखली. चित्रपटाच्या नावात मात्र आला तो कबुली देऊन सुटलेला साथीदार. आणि आपल्या स्मरणात कोण राहिले? राघवेंद्र. ज्यांचे जीव गेले ती माणसे त्या थोर कामाची मागची भिंत होऊन गेली. उत्तम अभिनयाचा हा खरा धोका आहे. तो गुन्हेगाराला चेहरा देतो, आणि चेहऱ्यांची आपली स्मरणशक्ती तोकडी असल्यामुळे, मेलेल्याचा चेहरा त्यात पुसला जातो. त्या माऊलीला आम्ही एवढेच सुचविले, की एकदा पोराच्या शेजारी बसून ती मालिका पाहा, आणि संपल्यावर त्याला विचारा : यात मेली त्या बाईचे नाव काय होते? तिने नंतर येऊन सांगितले, की त्याला एकही नाव आठवेना. पुढच्या खेपेस मात्र तो नावे लक्षात ठेवू लागला.

खेळावरच्या चित्रपटांची गोष्ट वरवर निराळी दिसते. तेथे खून नाही, घाम आहे. आणि घामाविषयी अमरावतीकराला कुणी शिकवू नये. १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. मल्लखांबावर चढणारे कोवळे पोर तिथे ज्याने पाहिले आहे, त्याला पडद्यावरचा खोटा पैलवान लगेच कळतो. म्हणून अशा भूमिकेत नटाला शरीरानेच सत्य बोलावे लागते. 'दंगल' (२०१६) साठी आमीर खान यांनी आधी वजन वाढवून प्रौढ बापाचा भाग चित्रित केला आणि मग ते उतरवून तरुण मल्लाचा. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूचे व मुष्टियोद्ध्याचे दाखले का दिले असावेत, हे अशा वेळी उमगते. करिंथजवळ खेळांचे सामने भरत, आणि त्या लोकांना तपश्चर्येची हीच भाषा समजत होती.

पण खेळाच्या चित्रपटातही प्रेक्षकाची एक परीक्षा असते. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात मित्र अलिपियस याची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये सोबत्यांनी त्याला ओढून रक्तपाताच्या खेळांना नेले. तो डोळे घट्ट मिटून बसला. इतक्यात गर्दीने आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले, आणि क्षणात तोही त्या गर्दीतला एक होऊन ओरडू लागला. पडलेल्या योद्ध्याहून अलिपियस अधिक जखमी झाला, असे ऑगस्टिनला वाटते. आपलीही शिट्टी कशासाठी वाजते, हे अधूनमधून तपासावे. कित्येकदा आपण माणसासाठी नव्हे, नुसत्या जिंकण्यासाठी ओरडत असतो. आणि हरलेल्या बाजूचा खेळाडू हा खुनाच्या चित्रपटातल्या प्रेतासारखाच बिनचेहऱ्याचा असतो.

हे सगळे धागे जेथे एकत्र येतात, असा एक चित्रपट आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात घडला : नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२). नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी वस्तीतील पोरे पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी केली. त्या कामावर हा चित्रपट बेतलेला आहे. अमिताभ बच्चन त्यात आहेत, आणि त्यांनी संयमाने काम केले आहे. पण चित्रपट त्यांचा नाही. तो आहे त्या पोरांचा, ज्यांनी पूर्वी कधी कॅमेऱ्यापुढे काम केले नव्हते. 'डॉन' म्हणून मिरविणारा, चोऱ्यामाऱ्या करणारा अंकुश साकारणारे अंकुश गेडाम यांना २०२३ साली पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा मुलगा चेंडू सुंदर खेळतो, पण त्याच्या नावावर पोलिसात नोंद आहे आणि परदेशी जाण्याची वेळ येते तेव्हा तीच आडवी येते. म्हणजे खेळाचा चित्रपट, आणि त्याच्या पोटात गुन्ह्याचा. यहूदाच्या कामाविषयी आम्ही म्हटले ते येथे लागू पडते : या पोराची मस्ती, त्याचे लाजणे, त्याचा चटकन उसळणारा हात, सारे एकाच देहात दिसते. कोठेही तो 'गुन्हेगार' नामक वेगळ्या जातीचा वाटत नाही.

आणि येथेच ऑगस्टिनचा दुसरा, अधिक बोचरा आक्षेप आठवतो. कार्थेजमध्ये नाटके पाहून तो ढसाढसा रडत असे. पुढे त्याने स्वतःला विचारले, की ही कसली दया? रंगमंच प्रेक्षकाला कुणाच्या मदतीला धावायला सांगत नाही, फक्त दुःखी व्हायला बोलावतो. आणि जितके अधिक रडू येईल तितकी नटाची वाहवा होते. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे, आणि आम्हाला त्याला तोड दिसत नाही. फक्त एका बाबतीत आम्ही संताशी सहमत नाही. ते अश्रू नेहमीच वाया जातात, असे नाही. सैनिक मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री मिळायला त्यांना २०१८ साल उजाडले. जून २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आला, कार्तिक आर्यन यांनी ती भूमिका जीव ओतून केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. चित्रपटामुळेच दिला, असे आम्ही म्हणणार नाही. पण अर्धशतकानंतर त्यांचे नाव घरोघर पोचले ते एका नटाच्या कामातून, हे कोण नाकारील?

'झुंड'च्या बाबतीत हिशेब इतका सुखाचा नाही. त्यात काम केलेल्या मुलांपैकी एकाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात खून झाला. वय अवघे एकवीस. मारणारा ओळखीतलाच होता, असे वर्तमानपत्रांत आले. चित्रपटात ज्या पोरांच्या सुटकेसाठी आपण टाळ्या वाजविल्या, त्यांतील एक त्याच गल्ल्यांत, त्याच तऱ्हेने गेला. 'किती सहज अभिनय!' असे त्या पोरांविषयी तेव्हा सगळे म्हणत होते. आता तो शब्द उच्चारताना आमची जीभ अडखळते. सहज होता, कारण तो पुष्कळसा अभिनय नव्हताच. नट भूमिका उतरवून घरी जातो. या पोरांना उतरवून ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्यांनी आपल्याला 'मी' म्हणून जे दाखविले ते आपण पाहिले, पसंतही केले, आणि तृतीयपुरुषी होऊन बाहेर पडलो.

आमच्या सभागृहातही हा चित्रपट दाखविला होता. शेवटी त्या पोराला घेऊन विमान उडाले, तेव्हा शिट्ट्या वाजल्या, आणि मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गेल्या महिन्यात धर्मग्राम सल्लागार मंडळापुढे एक अर्ज आला आहे : मैदानाच्या फाटकाला कुलूप घालावे. कुंपणापलीकडच्या वस्तीतली पोरे संध्याकाळी फुटबॉल खेळायला येतात. नळाच्या दोन पितळी तोट्या नाहीशा झाल्या, पवित्र मरियेच्या ग्रोटोजवळचा दिवा फुटला. तक्रार खोटी नाही. तोट्यांचा खर्च वर्गणीतूनच झाला, आणि ती वर्गणी देणारे काही श्रीमंत नाहीत. तोट्या पोरांनी नेल्या की भंगारवाल्याने, हे कुणाला माहीत नाही. "फादर, पिच्चर वेगळा, मैदान वेगळं," असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. "मंग शिट्ट्या काह्याले वाजवल्या होत्या?" असे दुसऱ्या बाकावरून एका आजीबाईंनी विचारले. त्यावर सगळे हसले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

सभा येत्या रविवारी आहे. पोरे येतातच आहेत. त्यांच्यातला एक अनवाणी गोलरक्षक फार देखणा खेळतो. उडी मारताना त्याचे अंग असे काही लांबते, की व्हरांड्यात प्रार्थनापुस्तक हातात धरून आम्ही पान उलटायचे विसरतो. परवा त्याला नाव विचारले. तो जरा वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "कुलूप लावनार हाव काय, फादर?"

रविवारी ठरणार आहे, असे आम्ही त्याला सांगितले. मग त्याने आपले नाव सांगितले.